वेरिबीत वसलेली पेठ

जगाच्या इतिहासात आजवर एकच गोष्ट घडली आहे, ती म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकात युरोपात बाजार भरू लागले आणि त्या बाजारांभोवती शहरं वाढली; बाकीच्या राज्यक्रांत्या, महायुद्धं आणि चंद्रावरच्या उड्या हा सगळा त्या बाजारातला किरकोळ गोंगाट, असं छातीठोकपणे मानणारा माणूस बार्शीत जन्माला यावा आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघावा, याला बायको योगायोग म्हणते. मी नशीब म्हणतो. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या कडेला असलेल्या वेरिबीतल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात तेरा महिने या माणसाबरोबर काढल्यावर नशीब हाच शब्द मला त्यातल्या त्यात सभ्य वाटतो.

काका चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. पुस्तकात धडे अठरा असत, काका एकच शिकवत. जूनमध्ये शाळा उघडली की ‘मध्ययुगीन युरोपातील व्यापार व नगरांचा उदय’ हा धडा सुरू व्हायचा, तो स्नेहसंमेलनाच्या सुमारास कसाबसा आवरायचा. मग उरलेल्या दोन महिन्यांत फ्रेंच राज्यक्रांतीला एक तास, नेपोलियनला अर्धा. ‘हा एक गृहस्थ होता, घरी वाचा,’ एवढ्यावर नेपोलियनची बोळवण व्हायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला विचारलं, पहिलं महायुद्ध का झालं? पहिल्या बाकावरच्या पोरानं उभं राहून खणखणीत उत्तर दिलं, ‘जकात वाढवली म्हणून.’ साहेब पोट धरून हसले. काका हसले नाहीत. ‘अगदीच चूक नाही,’ असं म्हणून त्यांनी त्या मुलाला खाली बसवलं.

या वेडाला कारण होतं. काकांचे वडील बार्शीच्या भुसार बाजारात तोलार होते, म्हणजे आलेला माल तोलून देणारे. काका ज्वारीच्या पोत्यांवर बसून अभ्यास करत लहानाचे मोठे झाले. कॉलेजात असताना त्यांच्या हाती युरोपातल्या जुन्या बाजारपेठांवरचं एक फाटकं पुस्तक पडलं. ‘जावईबापू, त्या पुस्तकात मला माझे वडील दिसले हो,’ ते मला सांगत. ‘तोच काटा, तीच घासाघीस, तेच मापात मारणारे लोक. फक्त डोक्यावरची टोपी वेगळी.’ तेव्हापासून ते मनानं तिकडे राहायला गेले, ते परत आलेच नाहीत. शरीरानं मात्र सोलापूरच्या पलीकडे फारसे गेले नव्हते.

आणि तिथंच सगळी गोम होती. ज्या चौकांबद्दल हा माणूस चौतीस वर्षं बोलला, त्यातला एकही चौक त्यानं पाहिलेला नव्हता. आणि आता डोळे चालले होते. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा काहीतरी आजार होता. समोरचं, अगदी मधोमधचं धूसर व्हायचं आणि कडेकडेनं तेवढं दिसायचं. त्यामुळे काका ज्याच्याशी बोलत त्याच्याकडे कधीच बघत नसत. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या खांद्यापलीकडच्या फ्रीजशी बोलत आहेत असं वाटायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सर, जे काय बघायचं असेल ते एक-दोन वर्षांत बघून घ्या. तेव्हा काकांनी बेत केला: जानेवारीत आमच्याकडे यायचं, दहा आठवडे राहायचं, आणि परत जाताना एप्रिलमध्ये इटलीत उतरून तीन जुनी शहरं पाहायची. त्या सहलीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात असायचा. काकूंना यातलं काही कौतुक नव्हतं. ‘दगडच बघायचे तर परांड्याचा किल्ला काय वाईट आहे?’ असं त्या भाजी निवडताना म्हणत.

ठरल्याप्रमाणे ते दोघं जानेवारीत आले, आणि मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. आमचं बंद झालं, त्यांचं परतीचं विमान बंद झालं, आणि इटली तर सगळ्यांच्या आधी बंद झाली होती. घरोघरी लोक बातम्या बघून घाबरत होते. आमच्या घरी काका टीव्हीपासून हातभर अंतरावर, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून इटलीचे ते ओस पडलेले चौक बघत बसत. बातमीदार बाई काहीतरी भयंकर सांगत असायची आणि काका तिच्यावर खेकसत, ‘अहो बाई, जरा बाजूला व्हा, तुमच्या मागे जकातघर आहे!’ मग काकू रिमोट हिसकावून घेत. ‘माणसं मरतायत हो तिकडं,’ त्या म्हणत. काका ओशाळत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘जावईबापू, इटली उघडली का?’ जणू कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मी म्हणायचो, नाही काका. ‘बरं. दुपारी बघू.’

तो प्रश्न त्यांनी मला पुढचे अकरा महिने रोज विचारला. सुरुवातीला मला हसू यायचं, मग राग यायला लागला, आणि पुढे पुढे तो प्रश्न यायच्या आधी मीच उठून बाथरूममध्ये जायला लागलो, कारण नाही म्हणताना माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवत नसे.

हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टमध्ये, दुसरं लॉकडाउन आलं ते मात्र काकांच्या पथ्यावर पडलं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास फिरायला मुभा, रात्री संचारबंदी. आख्खं मेलबर्न कपाळाला हात लावून बसलं होतं आणि आमचे काका एखाद्याला लॉटरी लागावी तसे घरभर फिरत होते. ‘पाच किलोमीटर! जावईबापू, गाढवावर माल लादून सकाळी निघालेला शेतकरी बाजार करून दिवेलागणीला घरी परतायचा, तो एवढ्याच अंतरावरून. या सरकारात कोणीतरी वाचलेला माणूस आहे.’ क्वारंटाइनची पद्धत व्हेनिसच्या बाजूच्या व्यापारी बंदरांनी काढली हे ते इतक्या अभिमानानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं ती बार्शी नगरपालिकेनं काढली. संचारबंदीच्या वेळी ते देवघरातली घंटा घेऊन अंगणात जात आणि जोरजोरात वाजवत, कारण मध्ययुगीन शहरात चुली झाका म्हणून अशीच घंटा व्हायची. मी एका शीतगृहात ट्रकांच्या वेळा लावायचं काम करतो, त्यामुळे मला कामावर जायचा परवाना होता. काका त्याला ‘दस्तक’ म्हणत आणि मला ‘तांड्याचे नाईक’. रोज सकाळी दारात उभे राहून ते माझी दस्तक तपासत. दिसत नव्हती तरी तपासत.

आणि एका गुरुवारी त्यांनी पेठ वसवली. आमची सात वर्षांची ईरा त्यांची लेखनिक. तिच्या रंगीत खडूंनी इंग्रजीत आणि खाली काकांच्या तिरक्या अक्षरात मराठीत एक कौलनामा, म्हणजे पेठ वसवायची सनद, तयार झाला आणि आमच्या लेटरबॉक्सला चिकटला. दर गुरुवारी बाजार. ज्यानं त्यानं आपला माल आपल्या लेटरबॉक्सवर मांडायचा. आपापल्या फिरायच्या तासात एकेकट्यानं येऊन हवं ते न्यायचं आणि बदल्यात काहीतरी ठेवायचं. पैशाचा व्यवहार नाही. खोटं माप नाही. ‘प्रत्येक बाजारपेठेच्या भिंतीवर सरकारी माप टांगलेलं असायचं,’ असं म्हणून त्यांनी आमचा स्टीलचा पेला साखळीनं लेटरबॉक्सला बांधला. तेव्हापासून मी ताक कपातून प्यायलो.

मला वाटलं, कोण येतंय. पण लोक इतके कंटाळले होते की त्यांनी त्या गुरुवारात जीव ओतला. समोरचे ट्रक चालवणारे पंजाबी गृहस्थ, ज्यांना आम्ही त्यांच्याच रिवाजानं पाजी म्हणतो, मोहरीचं साग ठेवू लागले. आमच्या बायकोचा कढीपत्ता, काकूंची शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या इटालियन आजी, ज्यांना सगळी गल्ली नोन्ना म्हणते, त्यांची लिंबं आणि फ्लॉवर. यांच्या घरच्यांनी वेरिबीच्या दक्षिणेला चाळीस वर्षं भाजीचे मळे केले होते. नवरा वारलेला, मुलगा पाच किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर, त्यामुळे नोन्ना कित्येक आठवडे दारात दिसल्याच नव्हत्या. पहिल्या गुरुवारी त्या लिपस्टिक लावून लेटरबॉक्सपर्यंत आल्या.

मीही उत्साहाच्या भरात त्या दिवसांत सगळेच करत होते तो आंबवलेल्या पिठाचा सावरडो पाव केला आणि मांडला. काकांनी तो उचलला, वास घेतला, बोटानं ठोकून पाहिला आणि खाली ठेवला. ‘जावईबापू, वाईट पाव विकणाऱ्या भटाऱ्याला घसरगाडीला बांधून, पाव गळ्यात अडकवून, गावभर फरफटवत नेत. तुम्ही घरचे, म्हणून नुसता लेटरबॉक्सवरून उतरवतो.’ ईरानं माझी बाजू घेतली, ‘आजोबा, दॅट्स नॉट फेअर, बाबा ट्राइड हिज बेस्ट.’ पण पेठेत नातं चालत नाही. माझा पाव काकूंनी संध्याकाळी फोडणीला टाकला, तोसुद्धा कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही.

याच पेठेत पोलीस आले, आणि तेही काकांच्या हातामुळे. त्याचं असं झालं, त्या वेळी इंडियन दुकानात कणकेची ओढाताण होती आणि पाजींकडे कणकेचं भलंमोठं पोतं होतं. पाजींना काकूंची चटणी हवी होती. किती चटणीला किती कणीक, हा प्रश्न आला. आता बार्शीच्या माणसाला असा सौदा उघड बोलून करणं म्हणजे चारचौघांत अंघोळ. हातावर उपरणं टाकायचं, त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरायची, आणि दाबलेल्या बोटांवरून भाव ठरवायचा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. पाजींचे डोळे चमकले. ‘ओ अंकलजी, मेरे दादाजी मंडी में बिल्कुल ऐसे ही करते थे!’ आणि त्यांनीही हात पुढे केला.

सगळं राज्य एकमेकांपासून दीड मीटर लांब उभं असताना, भर दुपारी, वेरिबीच्या फुटपाथवर, दोन मोठी माणसं टॉवेलखाली एकमेकांचे हात धरून, आकाशाकडे बघत उभी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? पोलिसांची गाडी थांबली. उतरली ती पोलीस म्हणजे एक तरुण मुलगी होती, नम्र. ‘जेंटलमेन, व्हॉट एक्झॅक्टली आर यू डूइंग अंडर द टॉवेल?’

पाजींनी वीज लागल्यासारखा हात काढून घेतला. काका मात्र ढिम्म. तिच्या खांद्यापलीकडच्या झाडाकडे बघत त्यांनी वर्गात बोलावं तसं सांगितलं, ‘वी आर डिस्कव्हरिंग द प्राइस, मॅडम.’

मी धावत बाहेर आलो. पुढची दहा मिनिटं काका तिला बाजाराची शांतता ही संकल्पना समजावत होते: बाजाराच्या दिवशी कोणी कोणाला अटक करायची नाही, असा राजाचाच हुकूम असायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मास्क नाकावर ओढा, हात धुवा, लांब उभे राहा, एवढंच म्हणाली. काकांनी रिवाजाप्रमाणे बाजाराच्या अधिकाऱ्याचा मान म्हणून तिला दोन लिंबं देऊ केली, ती तिनं घेतली नाहीत. ‘नो वरीज, सर, यू कीप देम.’ गाडी गेल्यावर काका कितीतरी वेळ त्या दिशेला तिरके बघत राहिले. ‘चौतीस वर्षं शिकवलं, पण मूठभर माल न घेणारा जकातदार आज पाहिला,’ ते म्हणाले. पुढच्या गुरुवारपासून सौदे पडद्याच्या दांड्यानं होऊ लागले. दांडा मोजून दीड मीटरचा, वर चादर, दोघं दोन टोकांना, आणि बोटांऐवजी ठोके. काकूंची चटणी चार ठोक्यांना गेली आणि त्या दिवशी आम्ही पोटभर पोळ्या खाल्ल्या.

या सगळ्यात काकांचा डोळा होता तो नोन्नांवर. वाईट अर्थानं नव्हे, आणि त्या डोळ्याला तसं दिसतही कमीच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की या बाई इटलीतल्या एका तटबंदीच्या, डोंगरावरच्या गावातून आल्या आहेत, आणि ते गाव काकांच्या सहलीतल्या दोन शहरांच्या मधोमध आहे. काका रात्रभर झोपले नाहीत. सकाळी कुंपणापाशी गेले आणि त्यांनी नोन्नांना त्यांच्याच गावाचा इतिहास सांगायला सुरुवात केली: बाजाराची सनद कशी मिळाली, लोकरवाल्यांची श्रेणी, म्हणजे त्यांचा संघ, कशी होती, तटाला दरवाजे किती. नोन्ना फ्लॉवरची पानं तोडत ऐकत होत्या. काकांनी शेवटी हात जोडून विचारलं, तुमचा तो चौक कसा आहे हो, प्लीज टेल मी. नोन्ना म्हणाल्या, ‘स्टोन्स. ओन्ली स्टोन्स. अँड कोल्ड.’ एकोणिसाव्या वर्षी ते गाव सोडलं आणि सुटले, असं त्यांनी सांगितलं, आणि इथं डिशवॉशर आहे. काकांनी पुढे कितीदा विचारलं असेल, पण उत्तर तेच. काकू तेवढ्या खूश झाल्या. ‘बघा, ती बाईसुद्धा माझंच म्हणतेय,’ त्या म्हणाल्या.

लॉकडाउन उठलं. लोक हळूहळू आपापल्या कामाला लागले आणि गुरुवारी लेटरबॉक्स रिकामे राहू लागले. उन्हाळा आला तेव्हा काका चहा कपाच्या शेजारी ओतायला लागले होते. काकू मागून फडकं फिरवत. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतलं एक वर्ष आमच्याच घरात सरलं होतं, आणि इटली काही उघडली नव्हती. फेब्रुवारीत भारतात परत नेणाऱ्या एका विशेष विमानात दोन जागा मिळाल्या. त्या दिवशी सकाळी काकांनी मला प्रश्न विचारला नाही. खिशातला तो कागद त्यांनी काढला, चाचपला, आणि ईराला दिला, मागच्या बाजूला चित्र काढ म्हणाले. मी कामावर जायला निघालो होतो, पण गाडीत तसाच बराच वेळ बसून राहिलो. त्या माणसावर माझा किती जीव जडला होता हे मला तिथं, ड्राइव्हवेमध्ये कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते नोन्नांचा निरोप घ्यायला गेले, मी आणि ईरा बरोबर. नोन्नांच्या अंगणात टोमॅटोची रास पडली होती. उन्हाळ्यात या लोकांचा वर्षभराचा रस काढायचा उद्योग असतो, आपल्याकडे पापड-कुरडया असतात तसा. नोन्नांनी रसाच्या यंत्राचा दांडा काकांच्या हातात दिला. काका फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, टुमॉरो आय गो. माय आइज आर ऑल्सो गोइंग. आय विल नॉट सी युवर स्क्वेअर.’ एवढंच. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

नोन्नांचे हात थांबले. हातातला टोमॅटो खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘इट इज नॉट फ्लॅट.’

चौक सपाट नाही, उताराचा आहे. मुलांनी गोट्या खेळायला घेतल्या की सगळ्या गोट्या खाटकाच्या दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन पडायच्या, आणि तो खाटीक त्या डब्यात साठवून ठेवायचा. मनोऱ्यामुळे सकाळी उशिरापर्यंत चौकात ऊन येत नसे. सोमवारी वरच्या खिडक्यांतून ओल्या चादरी लोंबायच्या आणि त्यांचं पाणी बाजार करणाऱ्यांच्या मानेवर पडायचं. त्यांची आई तिथं पायरीवर चेस्टनट, म्हणजे आपल्या फणसाच्या आठळीसारख्या भाजून खायच्या बिया, विकायला बसायची. वारा इतका, की बोलणारी माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहत. नोन्नांचं इंग्रजी मध्येच संपलं आणि त्या इटालियनमध्ये सांगत राहिल्या. काकांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते मान डोलवत होते. सनद नाही, श्रेणी नाही, जकात नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी या माणसाला कोणाचंही बोलणं न तोडता ऐकताना पाहिलं. एकदाच त्यांनी मध्ये विचारलं, ‘चेस्टनट मोजून द्यायच्या का मापून?’ मी ते इंग्रजीत सांगितलं. नोन्ना हसल्या, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि काकांच्या चेहऱ्याच्या बाजूला, त्यांना दिसेल अशी धरली.

याला आता काही वर्षं झाली. इटली कधीच उघडली, सगळं जग तिथं जाऊन फोटो काढून आलं. काकांना आता दिवस आणि रात्र यापलीकडे फारसं दिसत नाही. मी दर रविवारी फोन करतो, ते बार्शीच्या बाजारभावांबद्दल बोलतात.

गेल्या महिन्यात मला बार्शीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. काकांचा जुना विद्यार्थी, कापडाचं दुकान आहे. विद्यार्थी मिळून सरांचा सत्कार करणार होते, आणि छापायच्या पुस्तिकेत सरांची माहिती हा लिहीत होता. जरा अडखळत म्हणाला, ‘एक विचारायचं होतं. सर सगळ्यांना इटलीतल्या त्या गावाचं सांगतात. चौक उताराचा आहे म्हणतात, गोट्या खाटकाकडे जातात, मानेवर चादरीचं पाणी पडतं म्हणतात. डोळ्यांपुढे उभं करतात हो अगदी. पण काकूंना विचारलं तर त्या नुसत्या हसतात, म्हणतात जावयांना विचारा. छापायचंय म्हणून विचारतो. सर खरंच गेले होते का तिथं?’

मी खिडकीतून नोन्नांच्या अंगणाकडे बघितलं.

‘गेले होते की,’ मी म्हटलं. ‘मी होतो ना बरोबर.’

‘बरं झालं विचारलं. आणि किती दिवस होते?’

‘तेरा महिने,’ मी म्हटलं. ‘त्यांचा पाय निघत नव्हता.’